सातवी सुई

माझ्याकडे सुया खोचून ठेवायची एक मखमली गादी आहे. मुठीएवढी, भुसा भरलेली, एका कोपऱ्यात उसवलेली. तिच्यात सात सुया असतात. रोज चार वाजता काम आवरलं की मी त्या बोटांनी मोजते, आणि सात भरल्याशिवाय मशीनवर झाकण घालत नाही. बेचाळीस वर्षं शिवणकाम केलं, तीस दुकानात आणि बारा घरी, पण हा नियम मोडला नाही. दुकानातल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की कात्री हरवली तर मला सांग, सुई हरवली तर सगळ्यांना सांग.

घरात नात आल्यावर तर मी जास्तच कडक झाले. ती आता पाच वर्षांची आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलेली नाही. मुलगा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. सूनबाई इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नर्स. म्हणजे सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत भिंगरी माझी. माझा जुना चष्मा नाकावर, टेप गळ्यात, आणि "बाई, कंबर सैल करायची का?" असं दाराच्या हँडलला विचारत ती दिवसभर माझी नक्कल करते. मी काही बोलत नाही. फक्त सुईला हात लावायचा नाही. एकदा लावला तेव्हा मी अशी ओरडले होते, की शेजारीण दार वाजवून विचारायला आली.

आता जे मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकते. मला उजव्या डोळ्याने दिसत नाही. अगदी काळोख नाही, दुधावर साय धरते तसं काहीतरी पुढे आलंय, आणि दोन वर्षांत ती साय जाड झालीये. डावा डोळा बरा आहे, पण एकट्या डोळ्याला वस्तू किती लांब आहे ते कळत नाही. दोरा ओवायला तार वापरते. टाके बोटांना पाठ आहेत. त्यामुळे निभत होतं.

उन्हाळ्यात मात्र मी सूनबाईच्या देखत कपाच्या शेजारी चहा ओतला. मी म्हटलं, टेबल कललंय. तिने टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, डोळे तपासून घ्या," ती म्हणाली. "मी भांडायला नाही म्हणत. पण तुम्हाला नीट दिसत नसेल, तर भिंगरीला पाळणाघरात ठेवावं लागेल. गॅस आहे, कात्र्या आहेत, सुया आहेत."

माझ्या नाकाला अशी मिरची झोंबली, की मी उठून गादीच तिच्यापुढे आपटली. म्हटलं, मोज. रोज सात. दोन वर्षांत एक दिवस इकडचा तिकडे नाही. न दिसणाऱ्या बाईच्या सुया रोज सात भरतात का?

तिने मोजल्या. सात होत्या. त्यानंतर तिने विषय काढला नाही, आणि मीही जिंकल्यासारखी वागले.

सुई हरवली त्या दिवशी मी मटण आणि राजमा करत होते. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता, आणि हा पदार्थ शिळा जास्त चांगला लागतो. मी काही सुगरण नाही. मला असलेच पदार्थ आवडतात, जे एका भांड्यात घालून विसरून जाता येतात. राजमा रात्री भिजत टाकला होता. सकाळी पाणी बदलून तो दहा मिनिटं खळखळ उकळला, मग मऊ होईपर्यंत शिजवला. मटणाचे तुकडे सगळ्या बाजूंनी लाल परतले, त्याच तेलात कांदा, गाजर, टोमॅटो. सगळं जाड लोखंडी भांड्यात घातलं.

शेवटी पुरचुंडी. मिरी, लवंग, तमालपत्र पातळ कापडात बांधून रश्शात सोडायचं, म्हणजे खाताना दाताखाली येत नाही. बाकीचे लोक गाठ मारतात. मी शिवते. गाठीवर माझा विश्वास नाही, आणि बेचाळीस वर्षं सुई चालवलेल्या बाईने मसाल्याला गाठ मारावी हे मला शोभत नाही. म्हणून मशीनजवळच्या गादीतून एक सुई काढली, पांढरा दोरा ओवला, आणि शेगडीपाशी, भांड्यावर वाकूनच पुरचुंडीची चारही तोंडं शिवली. दोरा दातांनी तोडला. सुई ओठात धरली, कारण हात ओले होते. पुरचुंडी रश्शात टाकली, झाकण ठेवलं, भांडं ओव्हनमध्ये सरकवलं.

सुई ओठात धरायची ही सवय जुनी. सूनबाईला खटकते. मला तर सुई तोंडात आहे हे आठवतही नाही, मी बोलते, हसते, एकदा तर शिंकले होते. मधल्या बोटासारखीच तीही माझीच वाटते.

ओव्हन मंद ठेवून मी मशीनवर बसले. आमचं स्वयंपाकघर आणि माझं कामाचं ठिकाण एकच, एका खिडकीत शेगडी, दुसऱ्या खिडकीत मशीन. एका बाईचे पडदे आखूड करायचे होते. एक वाजता भांडं उघडलं तेव्हा मटण हाडापासून सुटत होतं. भिंगरीला वाडगाभर दिलं. तिने तो संपवून परत मागितला, आणि दुसराही चाटूनपुसून खाल्ला. पोट तुडुंब भरल्यावर बसल्या जागी पेंगायला लागली. एरवी ती चारनंतर झोपते. तीन वाजता मी चहा घेऊन गॅलरीत पाय पसरते, ती आत खेळते, मग माझी मोजणी, मग तिची झोप, असा आमचा दिवस. त्या दिवशी मी तिला दोनलाच उचलून अंथरुणावर नेलं.

चार वाजता मी गादी हातात घेतली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

परत मोजल्या. गादी उलटी करून, भुशात एखादी आत गेली असेल म्हणून दाबून बघितली. सहाच. अंगठ्याने एकेकीचं नेढं चाचपलं. मोठ्या नेढ्याची नव्हती. तीच, जिने पुरचुंडी शिवली.

आधी मला रागच आला. मी पडदे झटकले, एप्रन झटकला, कॉलर, बाही, खुर्चीची उशी चाचपली. मग घोड्याच्या नालेसारखा लाल चुंबक काढला आणि गुडघ्यांवर बसून सगळी फरशी झाडून काढावी तशी काढली. दोन टाचण्या आल्या, एक हूक आला. मशीनखाली चुंबक लोखंडी पायडलला जाऊन चिकटला, तो ओढून काढला आणि पुढे सरकले. शेगडीपर्यंत आले. तिथे गुडघ्यावर बसल्या बसल्या माझी नजर ओव्हनच्या काचेवर गेली.

मी भांड्यावर वाकले होते. सुई ओठात होती. मग झाकण ठेवलं. त्या दोन गोष्टींच्या मधलं मला काही आठवेना.

ओट्याला धरून उभी राहिले, भांडं बाहेर काढलं, झाकण उघडलं. वाफ तोंडावर आली. तांबडा, दाट, छान वासाचा रस्सा. त्यात सुई बुडाली असती तर दोन चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही दिसली नसती.

पुरचुंडी आधी काढली. टाके बोटांनी मोजले, कापड पिळलं, उसवून मिरी-लवंगा ताटलीत पसरल्या. नव्हती. मग चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि रश्शात घातला. आत गेल्या गेल्या तो खण्ण करून भांड्याच्या भिंतीला चिकटला. मला वाटलं, सापडली. ओढला, परत चिकटला. मग लक्षात आलं, भांडंच लोखंडाचं आहे. त्या भांड्यात चुंबक काय शोधणार? मला हसू आलं, आणि ते हसू ऐकून माझीच मला भीती वाटली.

न्हाणीघरातून भिंगरीचा अंघोळीचा प्लॅस्टिकचा टब आणला. सगळं मटण, सगळा राजमा त्यात ओतला. चुंबक फिरवला, दहा वेळा. काही नाही. पण सुई मांसात शिरली असेल तर? दाण्यात रुतली असेल तर? म्हणून मी एकेक राजमा चिमटीत धरून चिरडला. एकेक तुकडा धाग्याधाग्याने सोडवला. बोटं भाजत होती. गाजरं, टोमॅटोची सालं, कांदा, सगळं बोटांतून गेलं. एक वेळ अशी आली, की सुई बोटात घुसावी, रक्त निघावं, म्हणून मी जोरजोरात चिरडत होते. पाच वाजता टबात नुसता लगदा उरला. सुई नव्हती.

म्हणजे ती त्या भांड्यातून बाहेर गेलेली होती. आणि त्या भांड्यातून बाहेर गेले होते फक्त दोन वाडगे.

मी भिंगरीच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले. ती उताणी झोपली होती, एक पाय भिंतीवर. सदरा वर गेलेला, पोट फुगलेलं, वरखाली होत होतं. माझ्या हातात अजून तो चुंबक होता. मी वाकले. पोटावर धरून बघायचा, एवढाच विचार होता. वीतभर अंतरावर हात थांबला. सुई असली आणि चुंबकाने ती ओढली, तर ती कुठून ओढली जाईल? मी हात असा मागे घेतला, की चुंबक भिंतीवर आपटला. तिने कूस बदलली. मी श्वास रोखून उभी, की आता रडेल, आता रडेल. रडली नाही.

आता खरं सांगते, लाज वाटली तरी. तेव्हा मला लगेच फोन करायला हवा होता. मी केला नाही. मी खाटेच्या कडेला बसले आणि हिशोब लावत राहिले, की कुणाला न सांगता यातून कसं सुटता येईल. सुई मोरीतही गेली असेल. वाडगे धुताना. किंवा पोटात गेली असली तरी आपोआप बाहेर पडेल, पोरं नाणी गिळतात, गोट्या गिळतात, काही होतं का त्यांना? किंवा सांगायचं, की ती बटण गिळली, माझी नजर चुकवून. बटण कुणाच्याही घरी असतं. सुई म्हटलं, की सूनबाई पहिलं विचारणार, रोज मोजता ना? सात असतात ना? मग आज कुठे गेली, आणि तुम्हाला दिसली कशी नाही?

आणि मग पाळणाघर. सकाळी सातला घर रिकामं. मी आणि सहा सुया.

ही माझी अक्कल. पोरीच्या आतड्यात सुई असेल, आणि मी माझ्या रिकाम्या घराची काळजी करत होते.

सव्वापाचला भिंगरीने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, पोटात दुखतंय."

"कुठे?" मी विचारलं. "टोचतंय का?"

तिने विचार केला. "हो," ती म्हणाली. मी विचारलं म्हणून म्हणाली की खरंच टोचत होतं, देव जाणे. मी फोनकडे धावले.

सूनबाई वॉर्डातच होती. मी एका दमात सगळं सांगितलं. पुरचुंडी, ओठ, भांडं, दोन वाडगे. बटण वगैरे काही तोंडातून आलं नाही.

"किती वाजता खाल्लं?" ती म्हणाली. अगदी हळू. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"एक वाजता."

"उलटी? रक्त?"

"नाही. दुखतंय म्हणते."

"काही खायला देऊ नका. पाणीसुद्धा नाही. पोट दाबू नका. टॅक्सी करा आणि मागच्या दाराने या, मी खाली उभी राहते."

टॅक्सीत मी भिंगरीला मांडीवर घेतलं होतं, पण अंगाशी धरलं नव्हतं. धरवत नव्हतं. दोन हातांवर काचेचं भांडं तोलावं तशी ती तोलली होती. ड्रायव्हरला मी तीनदा हळू चालवा म्हटलं आणि दोनदा लवकर चला म्हटलं. शेवटी तो म्हणाला, "आजी, दोन्ही एकदम नाही जमणार." भिंगरी खिडकीतून दुकानं मोजत होती. तिला बाहेर जायला मिळालं म्हणून ती खूश होती, आणि पोट दुखायचं मधेच विसरत होती. विसरली की मला वाटायचं, काही नाही. मग "आई गं" म्हणायची, की माझी नजर परत तिच्या पोटावर जायची.

सूनबाई मागच्या दारात गणवेशात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. पोरगी माझ्या हातांतून उचलली आणि चालू लागली. एक्स-रेच्या खोलीत मला येऊ दिलं नाही. बाहेर लोखंडी बाकावर मी बसले. हाताला रश्शाचा वास येत होता, नखांत राजम्याची सालं होती. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण उजव्या बाजूला, म्हणून मला ते बघायला मान पूर्ण वळवावी लागत होती. मी दर मिनिटाला वळवली. एका गोष्टीचा मात्र मी शेवटी निश्चय केला. सुई दिसली, तर मी स्वतःच सांगणार की मला दिसत नाही. आणि नाही दिसली तर... तिथे मी थांबले. नाही दिसली तर काय, ते मी ठरवलं नाही.

सव्वासहाला दार उघडलं. सूनबाई भिंगरीला कडेवर घेऊन आली. मागून डॉक्टर आला, हातात काळा फोटो.

"सुई नाही," तो म्हणाला. "दोनदा काढला, समोरून आणि बाजूने. घशापासून खालपर्यंत काही नाही. पोटात गॅस भरलाय, भरपूर. काय खाल्लं होतं?"

"मटण आणि राजमा," मी म्हटलं. "दोन वाडगे."

"मग दुखणारच," तो म्हणाला आणि गेला.

मला रडू फुटलं. बाकावर बसून मी हुंदके देऊन रडले, येणारेजाणारे बघत होते तरी. सूनबाई शेजारी बसली. तिने भिंगरीला मांडीवर घेतलं. मग तिने विचारलं, जे विचारणार हे मला माहीत होतं.

"आई, तुम्ही रोज मोजता ना?"

"रोज," मी म्हटलं. डोळे पुसले. आणि जीभ जुन्याच वाटेने गेली. "दोन वर्षांत आजच पहिल्यांदा कमी भरली. तुला दाखवल्या होत्या ना, सात? आज काय झालं कोण जाणे. नाहीतर माझी सुई कधी खाली पडत नाही."

"पडते," भिंगरी म्हणाली.

ती आईच्या मांडीवर बसून गणवेशाचं बटण फिरवत होती.

"काय पडते?" सूनबाईने विचारलं.

"सुई. आजीची. रोज नाही पडत. पण खूपदा." तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आवाज लहान केला. "आजी गॅलरीत गेली की मी मोजते. सात नसल्या की खाली शोधते आणि परत खोचते. आज मी झोपले ना, म्हणून राहिलं."

एक म्हातारा माणूस पट्टी बांधलेला पाय ओढत आमच्या समोरून गेला.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू रागावतेस. हात लावायचा नाही म्हणतेस." ती थोडी थांबली. "आणि सात झाल्या की तू खूश असतेस."

सातपर्यंत मोजायला तिला मीच शिकवलं होतं. त्या सुयांवरच, माझं बोट धरून. दोन वर्षांचे माझे सात. ते सात मी सूनबाईपुढे आपटले होते. माझ्या मास्तरांच्या नियमाची बढाई मारत मी गॅलरीत चहा पीत बसले होते, आणि आत ही पोर टेबलाखाली रांगत, फरशीवर गाल टेकवून सुया वेचत होती. किती दिवस? तीन वर्षांची असल्यापासून? त्या विचाराने मला एक्स-रेच्या खोलीबाहेर बसले होते तेव्हापेक्षा जास्त भीती वाटली.

आम्ही घरी आलो. जिन्यात तिने भिंगरीला खाली उतरवलं आणि किल्ली काढली.

"आजची सुई अजून घरातच आहे," ती म्हणाली. "कुणी आत पाऊल टाकायचं नाही. मी दिवा लावते, चपला घालूनच शोधते. भिंगरी, तू इथेच..."

पण असं सांगून कधी भिंगरी थांबलीये? दार उघडलं आणि ती आईच्या हाताखालून आत पळाली. सूनबाईला दिव्याचं बटण सापडेपर्यंत ती मशीनखाली शिरलीसुद्धा.

"ती पायडलमागेच जाते," आतून आवाज आला. "तिथे लोखंड आहे ना, त्याला चिकटून बसते. हं, ही बघ."

दिवा लागला. ओट्यावर रिकामं भांडं, जमिनीवर टब आणि टबात लगदा. मशीनखालून आधी भिंगरीचे पाय बाहेर आले, मग पाठ. दोन्ही हातांवर जोर देऊन ती मागे मागे सरकत बाहेर आली, वळली आणि उभी राहिली. हात मोकळे हवेत, म्हणून तिने सुई ओठात धरली होती.

अगदी माझ्यासारखी. डाव्या बाजूला, किंचित खाली झुकलेली. आणि ती आमच्याकडे बघून हसत होती.

सूनबाईच्या तोंडून शब्द निघाला नाही. बरं झालं नाही निघाला. दचकून पोरीने श्वास आत घेतला असता, तर घशापासून खालपर्यंत काही नाही असं कुणी म्हटलं नसतं.

"भिंगरी," मी म्हटलं. गिऱ्हाइकाशी बोलते त्या आवाजात. "हसू नकोस. बोलू नकोस. नाकाने श्वास घे. अशीच उभी राहा, मी माप घेतेय."

ती ताठ उभी राहिली. माप घेताना हलायचं नाही, हे तिला माहीत होतं. मी जवळ गेले, गुडघ्यावर बसले, हात पुढे केला. चिमटीत धरायची आणि सरळ ओढायची, एवढंच काम. बेचाळीस वर्षांत मी हे किती वेळा केलं असेल. माझी बोटं तिच्या तोंडापुढे आली आणि थांबली. सुई दिसत होती, पण कुठे होती ते कळत नव्हतं. बोटाच्या अलीकडे, की पलीकडे? वीतभर, की नखभर? मी बोट आणखी पुढे केलं असतं आणि ते सुईवर आपटलं असतं, तर सुई आत गेली असती.

भिंगरी माझ्याकडे बघत होती. ओठ थरथरायला लागले होते. धरून धरून दमली होती.

"सूनबाई," मी म्हटलं, "तू घे. मला दिसत नाहीये."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मग ती माझ्या बाजूला बसली, एका हाताने पोरीची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताने सुई काढून घेतली. भिंगरीने मोठा श्वास सोडला आणि ओठ पुसले.

"किती दिवसांपासून?" सूनबाईने विचारलं.

"दोन वर्षं. उजवा डोळा."

तिने मान हलवली. सुई अजून तिच्या चिमटीतच होती. मी गादी पुढे केली. तिने ती घेतली, सुई खोचली आणि गादी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, तेलाच्या डब्यामागे नेऊन ठेवली.

"सात झाल्या का?" भिंगरीने मला विचारलं.

"आईला विचार," मी म्हटलं.